नॅचरल आईस्क्रीम पावभाजीच्या गाडीवर सुरू झालं होतं का?

चोचले_पुणेकर:
मंडळी घरात भांडण झालंय आणि निकाल इथेच लावायचाय. रविवारी मावशीकडे जेवायला गेलो होतो, जेवणं झाल्यावर भावाने नॅचरलचा शहाळ्याचा डबा काढला आणि आमचे काका (मावशीचे मिस्टर, प्रत्येक विषयातलं कळतं त्यांना) सुरूच झाले. म्हणे हे नॅचरल काढणारा माणूस आधी जुहूला पावभाजीची गाडी लावायचा, गाडीवर उरलेलं दूध काय करायचं म्हणून आईस्क्रीम केलं. आता पावभाजीच्या गाडीवर दूध कशाला उरेल हा माझा पहिला प्रश्न, पण काकांना कोण विचारणार. मग म्हणे हे आपल्या कामत हॉटेलवाल्यांचंच आहे. आणि शेवटी चमचा चाटत चाटत म्हणाले की हल्ली सगळं आईस्क्रीम तेलाचंच असतं, दूध कोण घालतं. म्हणजे खाऊन झाल्यावर हे!

तर कोणाला नीट माहितीये का की हे कसं सुरू झालं? मला स्वतःला अजून एक कुतूहल आहे, मी कोथरूडला खातो, ठाण्याला खातो, गोव्यात गेलो तर तिथे पण खाल्लं, चव तीच. वडापावची फ्रँचायझी घेतली तर दोन चौकांत दोन चवी असतात, मग यांचं एकसारखं कसं काय?

जुनाजुहूकर:
पावभाजी खरी, गाडी खोटी. दुकान होतं बाबा, छोटंसं पण दुकान. १४ फेब्रुवारी १९८४ ला जुहू स्कीममध्ये उघडलं, तेव्हा व्हॅलेंटाईन वगैरे आपल्याकडे कोणाला माहीत नव्हतं त्यामुळे तारीख त्यासाठी निवडली असेल असं काही नाही. रघुनंदन कामथ त्यांचं नाव.

पावभाजीमागचं डोकं मात्र भारी होतं आणि ते त्यांनी स्वतः बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय. ८४ साली नुसतं आईस्क्रीम खायला घराबाहेर पडायची आपल्या लोकांना सवयच नव्हती. आईस्क्रीम म्हणजे लग्नात, नाहीतर मोठ्या हॉटेलात, नाहीतर पाहुणे आले की फॅमिली पॅक. नुसत्या आईस्क्रीमच्या दुकानात कोण चढणार ही भीती. मग त्यांनी पावभाजी ठेवली, आणि ती मुद्दाम झणझणीत. तोंड पोळलं की माणूस थंड काहीतरी मागणारच, समोर काय तर आईस्क्रीम. वर्षभर हे चाललं आणि मग लोक भाजी न खाता सरळ आईस्क्रीमच मागायला लागले, तेव्हा १९८५ मध्ये पावभाजी बंद करून टाकली. पाहिलं तर जे गिऱ्हाईक आणायचं तेच बंद केलं, कुठल्याही दुकानदाराला विचारा किती छाती लागते याला.

मी तेव्हा शाळेत होतो, आम्ही चालत जायचो. मला पावभाजी अंधुक आठवते पण सीताफळ स्वच्छ आठवतं. आईचा विश्वासच बसेना, ती प्रत्येक घास जिभेवर फिरवून बी शोधत होती, कारण घरी सीताफळ खायचं म्हणजे अर्धा वेळ बिया थुंकण्यात. वाटी संपली तरी बी मिळाली नाही तेव्हा वडिलांना म्हणाली, अहो हे सोलत कोण बसत असेल.

फ्लेवर तेव्हा दहा-बाराच होते, सीताफळ, काजूद्राक्ष, आंबा असे. बाकी मुंबईत आईस्क्रीमची दुकानं नव्हती असं नाही हं. चर्चगेटला के. रुस्तम १९५३ पासून आहे, वेफरच्या दोन पातळ बिस्किटांत आईस्क्रीमची वडी ठेवून देतात, अजूनही देतात. भेंडीबाजाराकडे बोहरी मोहल्ल्यात ताजवाले हाताने संचा फिरवून करतात, ते तर १८८७ पासूनचे. पण ती एकेक ठिकाणं. तिकडे आपण जायचं. नॅचरल आपल्या गल्लीत आलं, फरक तो.

मुल्कीवाला:
आता आमच्या गावचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, एरवी नुसता वाचत असतो. आम्ही मुल्कीचे, मंगळूर आणि उडुपीच्या मधे आहे, घरी कोंकणी, बाहेर तुळू-कन्नड, आणि मी डोंबिवलीत वाढलो म्हणून मराठी.

काकांना सांगा, हॉटेलवाले कामत वेगळे आणि हे कामथ वेगळे. आमच्या समाजात कामत-कामथ म्हणजे तुमच्याकडे पाटील-देशमुख, एक दगड मारला तर तीन जणांना लागेल. मंगळूरला आयडियल आईस्क्रीम आहे, १९७५ चं, ते प्रभाकर कामत यांनी काढलं, त्यांचाही यांच्याशी गोंधळ करतात लोक. आयडियलचा गडबड खाल्लाय का कोणी? उंच ग्लासात आईस्क्रीमचे थर, मधे जेली, फळं, सुकामेवा, लांब चमच्याने तळापर्यंत खणत जायचं. ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर वेगळा धागा काढा.

रघुनंदन कामथांचे वडील फळं विकायचे. सात भावंडांत हे सगळ्यात धाकटे. आता ज्याचा बाप फळवाला त्याच्या घरात काय शिकायला मिळतं हे बाहेरच्याला कळत नाही. फणस पिकला का हे बोटाने ठोकून आवाजावर सांगतात, वास नंतर. चिकूला नखाने किंचित खरवडून बघतात आत हिरवं दिसतं का. आंब्याचा देठाकडचा खांदा बघतात. हे सगळं त्यांच्या हातात लहानपणीच बसलेलं. शाळेत काही जमलं नाही, मग कोवळ्या वयातच मुंबईला मोठ्या भावाकडे आले. भावाचं जुहूला गोकुळ नावाचं हॉटेल, आमच्याकडचं नेहमीचं इडली-डोसा खाणावळ टाईप, तिथे आईस्क्रीम पण मिळायचं. तिथे काम करता करता यांच्या डोक्यात आलं की आईस्क्रीमला फळाचं नाव देतात, रंग देतात, वास देतात, फक्त फळ तेवढं देत नाहीत. मग नुसतं फळ, दूध आणि साखर घालून का करू नये.

ऐकायला सोपं वाटतं ना. इसेन्स दर बाटलीत सारखाच असतो, फळ रोज वेगळं येतं. आज आलेला चिकू गोड, उद्याचा तुरट. तो फरक आईस्क्रीमवाल्याला नाही कळत, फळवाल्याला कळतो. माझ्या मते या कंपनीची सगळी हिस्ट्री या एका वाक्यात आहे, बाकी पावभाजी वगैरे सांगायला बरं.

शहाळ्याचंच बघा. साय पातळ असेल तर नुसतं पाणचट लागतं, चमच्यावर थरथरते ती. दोन दिवस जून झालं की खोबरं होतं, दाताखाली करकर. मधली जी अवस्था आहे, बोटाने दाबली की दबते पण तुटत नाही, तीच पाहिजे. आणि ती एकदोन नारळात नाही, रोज ढिगाने. शिवाय सोलणं, फोडणं, खरवडणं, हे माणसांनी किती करणार, म्हणून त्यांनी स्वतः डोकं लावून मशीन बनवून घेतलं. तुमच्या जुहूकरांच्या आईने विचारलं ना सोलत कोण बसत असेल, तर अशा फळांच्या बिया-साली काढायची यंत्रं तेव्हा बाजारात आयती मिळतच नव्हती, त्यांनी ती बनवून घेतली.

मे २०२४ मध्ये गेले ते, १७ तारखेला. आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटेपर्यंत फोटो येत होते.

जुनाजुहूकर:
@मुल्कीवाला गोकुळचं विसरलोच होतो, बरोबर. आणि हो, डबा उलटा करून बघा कधी, त्यावर कंपनीचं नाव कामथ्स अवरटाइम्स असं काहीतरी असतं, मला कित्येक वर्षं वाटायचं की हे दुसऱ्याच कोणाचंतरी आहे.

डेअरीडिप्लोमा:
तेलाच्या मुद्द्यावर मी बोलतो, पोटापाण्याचा विषय आहे.

काका अर्धे बरोबर आहेत. आपल्याकडे कायद्याने दोन वेगळे पदार्थ आहेत. आईस्क्रीम, ज्यात फॅट दुधाचं असलं पाहिजे, आणि फ्रोझन डेझर्ट, ज्यात फॅट वनस्पती तेलाचं चालतं, बहुतेक वेळा पाम किंवा नारळाचं. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमात साधं आईस्क्रीम म्हणायचं तर दुधाचं फॅट कमीत कमी १० टक्के, त्याखाली मीडियम फॅट आणि लो फॅट असे प्रकार. फ्रोझन डेझर्ट विष नाही, बेकायदा तर अजिबात नाही, पण ते आईस्क्रीम म्हणून विकता येत नाही. म्हणून पाकिटावर नीट वाचलंत तर चॉकलेटच्या चित्राखाली बारीक अक्षरात फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं सापडतं. आपण कोन हातात आल्यावर वाचत बसत नाही एवढंच.

यावरून मोठी कोर्टबाजी पण झालेली. अमूलने टीव्हीवर जाहिरात केली की दुधाचं आईस्क्रीम खा, वनस्पतीवालं फ्रोझन डेझर्ट खाऊ नका अशा अर्थाची, तर क्वालिटी वॉल्सवाले म्हणजे हिंदुस्थान युनिलिव्हर २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टात गेले आणि कोर्टाने ती जाहिरात थांबवली. अमूलने अपील केलं, तिथेही २०१८ च्या शेवटी फार काही हाताला लागलं नाही. तेव्हा काकांना म्हणावं, सगळं तेलाचं नसतं, पण तेलाचं असतं हे खरं. नॅचरल दुधाचं आहे.

आता खरी गंमत सांगतो जी लोकांना माहीत नसते, ती म्हणजे हवा. आईस्क्रीम घुसळताना आत हवा भरतात, त्याला आमच्यात ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आईस्क्रीम झालं तर ओव्हररन १०० टक्के. हवा लागतेच, नाहीतर बर्फाची लादी होईल, पण हवा फुकट असते ना, म्हणून हात सैल सुटतो. नियमाने एक लिटर आईस्क्रीम ५२५ ग्रॅमपेक्षा हलकं असू नये. म्हणजे अर्ध्या लिटरच्या डब्यात साधारण २६३ ग्रॅम तरी माल पाहिजे. घरी किचनचा वजनकाटा असेल तर करून बघा, दोन वेगळ्या ब्रँडचे सारख्याच लिटरचे डबे घ्या आणि ठेवा काट्यावर. मी एकदा सासरी सगळ्यांसमोर केलं होतं, बायको अजून ते काढते.

नॅचरलचा डबा हाताला जड लागतो तो त्यामुळे. हवा कमी, फळाचा गर जास्त. पण गर जास्त म्हणजे डोकेदुखी जास्त, कारण फळात पाणी असतं आणि पाण्याचे गोठून खडे होतात. खरबुजाचं आईस्क्रीम करून बघा कधी घरी, दुसऱ्या दिवशी गोळा फोडायला बत्ता लागेल. दूध आटवून घट्ट करायचं, साखरेचं प्रमाण फळाप्रमाणे दर वेळी बदलायचं, गार झटपट करायचं, तेव्हा कुठे खडे बारीक राहतात आणि जिभेला कळत नाहीत. कुल्फीत आपण हवा भरतच नाही, घुसळतच नाही, म्हणून ती कडक आणि जड, पण कुल्फी चाटत चाटत खायची असते म्हणून खपून जातं.

संत्रानगरी:
राजेहो तुम्ही १९८४ चं घेऊन बसले, आमच्या नागपुरात दिनशॉज १९३२ चं आहे ना बे. राणा बंधू, पारशी लोकं, गिट्टीखदानला दुधाचा धंदा होता त्यांचा, त्यातून मग आईस्क्रीमवर आले, लाकडी बादलीत बर्फ न मीठ टाकून हातानं फिरवून. आमच्या आजीच्या लग्नात पण दिनशॉच होतं म्हणतात. नागपूरच्या उन्हात आईस्क्रीम काढणं म्हणजे गंमत नाही, ४६ डिग्रीत माल गाडीतून उतरवून फ्रीझरात जाईस्तोवर अर्धा वितळते.

आणि गुजराती लोकं तर त्याच्याही आधी. वाडीलाल १९०७ चं अहमदाबादचं, आधी सोडा विकत होते, मग कोठीचं म्हणजे हातानं फिरवायच्या भांड्यातलं आईस्क्रीम, १९२६ ला दुकान. हॅवमोर कराचीतलं, १९४४ चं, फाळणीत तिकडून उठून आले आणि नंतर अहमदाबादेत जमले. आता २०१७ मध्ये कोरियाच्या लोट्टे कंपनीनं १०२० कोटीला घेऊन टाकलं.

मुल्कीवाला:
@संत्रानगरी जुनं कोण यावर वाद नाही, दिनशॉजला नमस्कारच. पण ते कारखान्यात पॅक करून किराणा दुकानाच्या फ्रीझरपर्यंत पोचवणारे. नॅचरल पार्लरवालं. काउंटरवर उभं राहायचं, चमच्यावर चव घ्यायची, मग ठरवायचं, आणि मागे दहा जण उभे असले तरी आपण पाचवी चव मागायची. धंदाच वेगळा.

सांगलीचा_भिडू:
फ्रँचायझीबद्दल मी सांगतो, कारण मी हात पोळून घेतलेत, आईस्क्रीमच्या धंद्यात हात पोळले म्हटलं की लोक हसतात पण खरं सांगतो. नॅचरल नव्हे, दुसरा एक ब्रँड, नाव घेत नाही, उगाच कशाला. बावीस-तेवीस वर्षांचा होतो, वडलांनी पीएफचे पैसे दिले, दुकान भाड्याने घेतलं, बोर्ड त्यांच्या रंगाचा, टाईल्स त्यांच्या रंगाच्या, टोपी पण त्यांच्या रंगाची. आणि तेव्हा आपल्याकडे लोडशेडिंगचे दिवस, आठवतंय का, आठ-आठ तास लाईट नसायची. डीप फ्रीझरवर आईच्या चार गोधड्या टाकायचो, वरून पोतं, आणि झाकण उघडायचं नाही. गिऱ्हाईक काचेतून बोट दाखवतंय आणि मी म्हणतोय लाईट आल्यावर या. कोण येतंय लका. लाईट आली की माल परत गोठायचा, पण एकदा सैल पडून परत गोठलेलं आईस्क्रीम म्हणजे ते वर डिप्लोमावाले म्हणतात तसले खडे, दाताखाली कचाकचा. ते विकायला मन होईना आणि टाकायला हात होईना. कंपनी म्हणाली माल एकदा उतरवून घेतला की जबाबदारी तुमची, अ‍ॅग्रीमेंटमध्ये बघा. बघितलं तर होतं तसं, वाचलं नव्हतं मी.

शिवाय मार्च ते जून चार महिने धंदा आणि भाडं बारा महिन्यांचं. पावसाळ्यात मी आणि नोकर पोरगा समोरासमोर बसून कॅरम खेळायचो. दोन उन्हाळे काढले आणि शटर ओढलं.

तर चोचले भाऊंचा प्रश्न, चव एकसारखी कशी. उत्तर सोपं आहे, दुकानात काही बनतच नाही. वडापाववाला भाजी स्वतः करतो, तेल स्वतः आणतो, तिथे प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. आईस्क्रीम एका जागी बनतं, नॅचरलचं कांदिवलीला चारकोपमध्ये, तिथून गोठलेल्या गाड्यांतून दुकानात जातं आणि दुकानवाल्याचं काम फक्त उणे १८ ला सांभाळायचं आणि गोळा काढायचा. रेसिपी दुकानवाल्याला माहीतच नाही तर बिघडवणार काय तो. फार तर गोळा लहान काढेल.

पण त्याचा दुसरा अर्थ असा की गाडी जिथवर माल न वितळता पोचते तिथवरच तुमचं राज्य. म्हणून बघा हे सुरुवातीला किती सावकाश वाढले. १९८४ ला पहिलं दुकान आणि पुढची पाच दुकानं १९९४ मध्ये, म्हणजे दहा वर्षं एकाच दुकानावर. आत्ताचं पोरगं असतं तर दहाव्या महिन्यात पंधरा फ्रँचायझ्या वाटून मोकळं झालं असतं. मी ज्यांची घेतली होती त्यांनी तेच केलेलं, आमच्या एका तालुक्यात तीन दिल्या होत्या.

चोचले_पुणेकर:
@सांगलीचा_भिडू वाईट वाटलं वाचून राव. गोधड्यांचं तर डोळ्यासमोर आलं.

बाकी सगळ्यांना थँक्यू, काकांना गाडी नव्हती हे सांगितलं तर म्हणाले दुकान म्हणजे गाडीच झाली एक प्रकारची. कामत-कामथवर गप्प बसले. तेलावर म्हणाले बघ मी म्हटलं नव्हतं का, कोर्टात गेले ना. म्हणजे हरले कुठेच नाहीत.

थंडाईप्रेमी:
मला एक कळत नाही, एवढं कौतुक कशाला. फळ, दूध, साखर, घरी पण होतंच की. आणि भाव बघितलेत का आता, चार जणांचं कुटुंब नेलं तर नोट मोडतेच. आमच्या पुण्यात सुजाताची मस्तानी घ्या, ग्लासभर दाट आंब्याचं दूध, वर आईस्क्रीमचा गोळा, जेवण झाल्यासारखं पोट भरतं. १९६७ पासून आहेत ते, आणि मुंबईवाल्यांना विचारा मस्तानी म्हणजे काय तर सिनेमा सांगतील.

डेअरीडिप्लोमा:
@थंडाईप्रेमी घरी होतं हे मान्य, एकदा होतं. दुसऱ्यांदा तसंच होतं का ते सांगा. माझ्या आईचा आंब्याचा आईस्क्रीमचा डबा दर वर्षी वेगळा लागायचा, कधी अप्रतिम, कधी आंबट, कधी नुसता बर्फ, आणि आम्ही म्हणायचो आई या वर्षी आंबाच बरोबर नव्हता. आंब्यावर ढकलून मोकळं. दुकानवाल्याला असं म्हणता येत नाही ना गिऱ्हाईकाला.

भावाचं मात्र खरं आहे. पण वजन करून बघा आणि मग भाव काढा, लिटरवर नको, ग्रॅमवर काढा. हवेचे पैसे वजा जाता फरक वाटतो तेवढा राहत नाही. राहतो, पण तेवढा नाही.

जुनाजुहूकर:
मस्तानी आवडते पण ती प्यायची का खायची हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. स्ट्रॉ देतात, चमचा पण देतात.

थंडाईप्रेमी:
आधी चमचा मग स्ट्रॉ. मुंबईवाल्यांना सगळं शिकवायला लागतं.

संत्रानगरी:
अन राहिलेलं ग्लास तोंडाला लावून. हे पण सांगा न त्यांना.

चोचले_पुणेकर:
शेवटचं एक विचारतो मग धागा सोडतो. मावशीला फणसाचं खायचंय, मागच्या दोन वेळा गेलो तर दुकानात म्हणाले संपलं, सीझन नाही. शहाळं बारा महिने मिळतं मग फणस का नाही? पल्प साठवत नाहीत का हे लोक?

मुल्कीवाला:
शहाळं बारा महिने झाडावर असतं, फणस नसतो, एवढंच. फणस आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी सुरू होतो, मे-जून भर, पावसाचं पाणी एकदा फळात उतरलं की गोडी जाते, मग आम्ही पण घरी खात नाही, गुरांना घालतो नाहीतर साठं म्हणजे फणसपोळी वाळवायला घेतो, ते पण ऊन असलं तर. जांभूळ, सीताफळ, लिची, सगळ्यांचं असंच, ज्याची त्याची वेळ. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुकानात आधी फोन करा आणि मग मावशीला घेऊन जा. डबा घरी नेणार असाल तर वर्तमानपत्राचे चार-पाच कागद आणि टॉवेल बरोबर ठेवा, कोथरूडच्या सिग्नलला वितळतं. आणि काकांना नेऊ नका, तिथे काउंटरवर पावभाजी मागतील.